दोन भोपळे आणि एक दोर

शेतीची आणि बाजारपेठेची सांगड, शिक्षणाची आणि रोजगाराची सांगड, परंपरेची आणि विज्ञानाची सांगड. मराठी अग्रलेखांत, सरकारी अहवालांत आणि सभांमधल्या भाषणांत हा शब्द इतका रुळला आहे की त्याचा पाण्याशी काही संबंध होता, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मोल्सवर्थच्या शब्दकोशात मात्र 'सांगड' हे आधी पाण्यावरचे साधन आहे. दोन होड्या एकमेकींना बांधून केलेला तराफा, पोहताना आधाराला घेतलेली भोपळ्यांची जोडी, हवा भरून फुगवलेले कातडे, हे त्याचे अर्थ आधी येतात आणि दोन गोष्टी जोडण्याचा अर्थ नंतर. समुद्रापासून दूर, घाटमाथ्यापलीकडे राहणाऱ्या लोकांच्या बोलीत जोडण्याची कल्पनाच नदी ओलांडण्याच्या साधनावरून आली, ही गोष्ट साधी नाही. देशावरच्या माणसाला पाण्याचे वावडे, जलवाहने ही कोकणची गोष्ट, अशी आपली एक पक्की समजूत आहे. नाशिक जिल्ह्याचा इतिहास नीट पाहिला तर ती टिकत नाही. इथल्या लोकांनी मोठ्या नावा घडवल्या नाहीत हे खरे आहे, पण त्याचे कारण अज्ञान नव्हते. आपल्या नद्या कशा वागतात हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या नद्यांना पुरेल एवढेच साधन त्यांनी केले.

त्या साधनाचे भाग मोजायला फार वेळ लागत नाही. दोन भोपळे, एक दोर, फार तर मध्ये आडवी काठी. भोपळा म्हणजे भाजीचा लाल भोपळा नव्हे, दुध्याच्या जातीचा कडू भोपळा, ज्याला तुंबा म्हणतात. तो वेलावरच पिकू आणि वाळू दिला की त्याची साल लाकडासारखी कठीण होते आणि आत बिया आणि हवा एवढेच उरते. मिरजेच्या तंबोऱ्याला लागतो तो पंढरपूरकडचा भोपळा याच कुळातला; एकाच्या पोकळीत सूर घुमतो, दुसऱ्याच्या पोकळीवर माणूस तरतो. माणसाचे शरीर पाण्याहून फारसे जड नसते. छातीत हवा असताना ते जेमतेम तरंगते. नाकतोंड सतत पाण्याबाहेर ठेवायचे तर डोक्याचे चार-पाच किलो वजन कशाने तरी तोलून धरावे लागते. चार-पाच लिटर आकारमानाचा वाळलेला भोपळा पाण्याखाली दाबला तर तो जवळजवळ तेवढ्याच किलोंच्या जोराने वर येऊ पाहतो, आणि दोन भोपळे मिळून हा आधार पोहणाऱ्याला पुरून उरतो. मग दोनच का, एक मोठा का नाही? कारण एकटा भोपळा छातीखालून घरंगळतो. दोन्ही बगलांना एकेक असला तर अंग उलटू पाहताच बुडू लागलेल्या बाजूचा भोपळा त्याला परत सावरतो. म्हणजे तरंगवण्याचे काम भोपळ्यांचे, पण तोल सांभाळण्याचे काम त्यांच्यातल्या अंतराचे, आणि ते अंतर राखतो तो दोर. भोपळ्याची मान निसर्गतःच बारीक असल्यामुळे दोराची गाठ तिथे अडकून बसते. वल्हे म्हणजे पोहणाऱ्याचे हात आणि सुकाणू म्हणजे त्याचे पाय. ज्यांना भोपळा मिळत नसे त्यांनी पांगाऱ्याचा ओंडका घेतला, पुढे पत्र्याचा डबा घेतला. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत विहिरीवर पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या पाठीला हेच बांधले गेले.

पाण्यावरच्या साधनाचे भाग हे त्या त्या पाण्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे असतात. समुद्राच्या लाटेवर उभे राहण्याची सर्फबोर्ड नावाची फळी घ्या. नवशिक्याला तिचे भाग शिकवताना वर उचललेले नाक, उभे राहण्याचा पृष्ठभाग, गोलवलेल्या कडा, शेपटीखालचे पर आणि घोट्याला बांधायची दोरी असा क्रम लावला जातो. पण हवाई बेटांवर ही फळी घडली तेव्हा तिला पर नव्हता. टॉम ब्लेक या अमेरिकन माणसाने तो १९३५ साली बसवला, कारण तिरक्या वाटेने लाट कापताना फळीची शेपटी घसरत होती. घोट्याची दोरी १९७०च्या दशकात आली, कारण सुटलेली फळी खडकावर आपटून फुटत होती. सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन खेळाडूने १९८१ साली तीन परांची रचना रूढ केली. प्रत्येक भागामागे एक अडचण आहे आणि ती अडचण समुद्राची आहे. हवाईतल्या 'ओलो' नावाच्या लांब फळ्या विलिविली या झाडाच्या हलक्या लाकडाच्या करत. विलिविली आणि आपला पांगारा एकाच वनस्पती-कुळातले, सख्ख्या भावंडांसारखे. पॅसिफिकमधल्या बेटांवर आणि गोदावरीच्या खोऱ्यात माणसांनी पाण्यावर तरण्यासाठी एकाच प्रकारचे लाकूड निवडले. एकीकडे त्याची लांब, घोटीव फळी झाली आणि दुसरीकडे ते ओंडकाच राहिले. त्यावरून एक समाज कुशल आणि दुसरा अडाणी असा निकाल देण्याआधी दोघांपुढचे पाणी पाहिले पाहिजे.

नाशिकचे पाणी म्हणजे सह्याद्रीचे पाणी. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि तीसेक किलोमीटरांत नाशिकला पोहोचते. एकूण १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळणारी ही नदी इथे अजून लहान आहे, आणि म्हणूनच लहरी आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेला चांदवड, सिन्नर, येवल्याकडे त्याचा पाचवा-सहावा हिस्साही मुश्किलीने पडतो. त्यामुळे नाशिकच्या घाटावर आभाळ कोरडे असतानाही नदीला पूर येऊ शकतो. पाणी वरून, दुसऱ्याच पावसाचे येते. ते रात्रीत चढते आणि दोन दिवसांत उतरते. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती आजही या चढउताराचे माप आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशा भाषेत शहर पूर मोजते. पावसाळा सोडून उरलेले आठ महिने तळ खडकाळ, धार बारीक, आणि धरणे होण्याआधी तर कित्येक ठिकाणी पायी ओलांडता येणारी. दारणा, कादवा, गिरणा, मोसम या साऱ्या थोड्याफार फरकाने अशाच. अशा नदीवर लांब, खोल, वल्ह्यांची नाव ठेवायची म्हणजे चारेक महिन्यांच्या कामासाठी बाकीचे महिने कोरड्या वाळूत फळ्या तडकताना पाहायच्या. उन्हात लाकडी नावेचे सांधे उघडतात आणि पुढच्या पावसात ती पुन्हा बुजवून घ्यावी लागते. भोपळ्याची जोडी मात्र सोडून आढ्याला टांगता येते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे. भोपळे आणि दोर कुजून जातात, त्यांचे अवशेष सापडत नाहीत. मग ही सारी कल्पनाच नाही कशावरून? त्यासाठी नाशिकच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरातल्या लेण्यांकडे, म्हणजे लोकांच्या पांडवलेण्यांकडे जायला हवे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई, दीनिकाचा मुलगा उषवदात याचा लेख आहे. लेखात त्याच्या दानांची लांबलचक यादी येते. तीन लाख गाई, सोळा गावे, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथली चौकोनी विश्रामगृहे, बागा, तळी, विहिरी. या यादीतच इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर त्याने नावांनी 'पुण्यतर' केला, म्हणजे प्रवाशांकडून पैसे न घेता पलीकडे नेण्याची सोय केली, असे म्हटले आहे. त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसायला सभा आणि प्यायला पाणपोया केल्याचीही नोंद आहे. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वी, समुद्रापासून इतक्या आत असलेल्या एका डोंगरात, नदी ओलांडून देणे हे गोदानाच्या आणि ग्रामदानाच्या पंक्तीला बसणारे पुण्यकर्म मानले गेले आणि दगडात कोरले गेले. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि नंतर एमिल सेनार यांनी या लेखाचे वाचन केले, तेव्हा नद्यांची ओळखही बरीचशी पटली. पारादा म्हणजे पार, दमण म्हणजे दमणगंगा, दाहनुका म्हणजे डहाणूजवळची नदी. 'तर' हा त्या लेखातला शब्द कोकणच्या खाड्यांवर अजून जिवंत आहे. तिथे पैलतीरी नेणाऱ्या नावेला 'तर'च म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, की या तर सगळ्या पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या आहेत, त्यांत गोदावरीचे नावही नाही, मग हा पुरावा नाशिकचा कसा? आक्षेपातली वस्तुस्थिती बरोबर आहे, पण तिच्यातून निघणारा अर्थ माझ्या म्हणण्याच्या बाजूचा आहे. पार आणि दमणगंगा या नद्या नाशिक जिल्ह्यातल्याच डोंगरांत उगम पावतात आणि घाट उतरून सपाटीला लागल्यावर रुंद होतात. समुद्राजवळ त्यांच्यात भरतीचे पाणी चढते. गोवर्धनाहून शूर्पारकाला किंवा भरुकच्छाला जाणाऱ्या व्यापाऱ्याला त्या रुंद पात्रांशी गाठ घ्यावीच लागे. तिथे बारमाही खोल पाणी होते म्हणून नाव परवडत होती. गोवर्धनाजवळून, म्हणजे लेण्यांच्या जवळून वाहणाऱ्या गोदावरीवर त्याच दात्याने नाव ठेवली नाही. तळी खोदणारा, घाटाखाली सहा ठिकाणी नावा चालवणारा हा माणूस पैशाअभावी किंवा नावाड्याअभावी थांबला असे मानायला जागा नाही. कोणत्या पाण्याला नाव हवी आणि कोणत्या पाण्याला नको, हा भेद त्या काळी केला जात होता, असाच त्या यादीचा सरळ अर्थ लागतो.

आणि नाव नसेल तिथे काय, याचे उत्तर त्या काळच्या इतर ग्रंथांत सापडते. नहपानाच्याच सुमारास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत भरुकच्छच्या बंदराचे वर्णन आहे. तिथे राजाच्या सेवेतले कोळी 'त्रप्पग' आणि 'कोटिंब' नावाच्या लांब नावा घेऊन परदेशी जहाजांना वाट दाखवायला पुढे जात. त्याच ग्रंथात पूर्व किनाऱ्यावरच्या एका वेगळ्या जातीच्या जलवाहनाचा उल्लेख आहे: ओंडके एकत्र बांधून केलेले 'संगर'. अभ्यासकांनी या शब्दाचा संबंध संस्कृत 'संघाट' या शब्दाशी जोडला आहे, आणि मल्याळम भाषेत तराफ्याला आजही 'चंगाडम' म्हणतात. आपली 'सांगड' याच घरातली. 'अंगविज्जा' हा प्राकृत भाषेतला जैन ग्रंथ तर जलवाहनांची उतरंडच लावतो. वरच्या पायरीवर नावा आणि पोत, त्याखाली कोट्टिंब, संघाड, प्लव आणि तप्पक, त्याखाली लाकूड आणि वेळूचे तराफे, आणि सर्वांत शेवटी तुंब, कुंभ आणि दती, म्हणजे भोपळा, घडा आणि फुगवलेले कातडे. ही यादी करणाऱ्याने भोपळ्याला जलवाहनांच्या यादीबाहेर ठेवलेले नाही, ही लक्षात घेण्यासारखी बाब आहे. तो त्याला सर्वांत लहान म्हणतो, पण वाहनच म्हणतो. आपण मात्र शिडाच्या गलबतापासून खाली येत येत होडीपाशी थांबतो आणि त्याखालचे सगळे 'तात्पुरती सोय' म्हणून इतिहासातून काढून टाकतो.

मराठी भाषेतला सर्वांत भक्कम पुरावा तेराव्या शतकातला आहे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेला पूर आलेल्या नदीचे रूपक दिले आहे, आणि ते रूपक विस्ताराने चालते. कोणी आपल्या बुद्धीच्या बाहूंवर विसंबून उडी घेतो, कोणी वेदांच्या सांगडी घेतो पण सोबत अहंभावाचे धोंडेही घेतो, आणि शेवटी ज्याला सद्गुरूचे तारू मिळते, जो अनुभवाची कास घट्ट धरतो, ज्याला आत्मनिवेदनाचे तरांडे सापडते, तो पार होतो. सांगड, तारू, कास, तरांडे. हे समुद्रप्रवाशाचे शब्द नाहीत. यांत शीड नाही, डोलकाठी नाही, नांगर नाही. पावसाळी नदीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाची ही शब्दसंपत्ती आहे. 'कास धरणे' हा वाक्प्रचारही इथे आपल्या मूळ जागी दिसतो: पोहणाऱ्याच्या कमरेचे वस्त्र धरून दुसऱ्याने पाठोपाठ जाणे. सर्फबोर्डच्या घोट्याच्या दोरीचे काम इथे एका माणसाची कास करते. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे आपेगाव गोदावरीच्या काठी, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे प्रवरेच्या काठी, आणि ज्या निवृत्तिनाथांना ते आपले तारू मानत त्यांची समाधी त्र्यंबकेश्वरला, गोदावरीच्या उगमापाशी. अर्थात रूपक म्हणजे शासकीय नोंद नव्हे, आणि भवसागर तरून जाण्याची कल्पना सगळ्या भारतीय संतवाङ्मयात आहे. पण रूपक कुठलेही असो, ते श्रोत्याला कळावे लागते. वेदांच्या सांगडी धोंड्यांमुळे बुडतात हे ऐकताना सांगड किती वजन पेलते आणि कितीला बुडते याचा अंदाज श्रोत्याला होता, असे गृहीत धरल्याशिवाय ते रूपक उभेच राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. साधन साधे असणे हे पारखीचे लक्षण कशावरून? ते निव्वळ दारिद्र्याचे, कारागिरीच्या अभावाचे लक्षण का नसावे? याला उत्तर नाशिकच्या इतर कारागिरीतच मिळते. पेठ आणि सुरगाण्याच्या जंगलांत साग होता. सुतार होते, कामदा एकादशीला निघणारे रामरथ आणि गरुडरथ हे त्यांच्याच परंपरेचे काम. शेताशेतावर बैलांची मोट चालत होती, आणि मोटेचे भाग मोजायला घेतले तर कातड्याची पिशवी, तिची सोंड, दोन दोर, वरचे चाक, खालचा लाटेसारखा फिरणारा रूळ, थारोळे, धाव असे किती निघतात. म्हणजे पाण्याशी संबंधित, अनेक भागांचे, सुतार-चांभार-लोहार अशा तिघांच्या हातचे यंत्र हा समाज सहज करत होता आणि पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त ठेवत होता. विहीर आपल्या जागी राहते, वर्षभर कामाला येते, म्हणून तिच्यावर इतके भाग खर्चणे फायद्याचे होते. नदी तशी नाही. जिथे गुंतवणूक टिकते तिथे गुंतवणूक आणि जिथे टिकत नाही तिथे दोन भोपळे, हा हिशेब आहे, आणि तो शेतकऱ्याचा हिशेब आहे. क्रियापदांतही तो उमटला आहे. नाव बांधतात, गलबत बांधतात, घर बांधतात. सांगड मात्र 'घालतात', जशी गाठ घालतात किंवा वेणी घालतात. बांधलेली वस्तू राहते. घातलेली उकलून पुन्हा घालता येते. तमिळ किनाऱ्यावरचा 'कट्टुमरम' हा शब्द, ज्यावरून जगाने 'कॅटमरान' घेतला, त्याचाही अर्थ बांधलेले लाकूड एवढाच. आणि तिथले कोळी किनाऱ्याला आल्यावर त्याचे ओंडके सोडून वाळत घालत. बंदर नसलेल्या जुन्या मद्रासला फुटत्या लाटांतून जहाजापर्यंत निरोप न्यायचे काम या सुट्या ओंडक्यांनी केले, जिथे युरोपातल्या घट्ट बांधणीच्या होड्या फुटत. सुटणे हा तिथे दोष नव्हता.

परक्या सैन्यालाही हाच धडा शिकावा लागला. १८०३च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीची फौज भर पावसाळ्यात गोदावरी ओलांडून गेली ती चामड्याने मढवलेल्या टोपलीवजा नावांतून. युरोपातल्या पद्धतीची नाव या नद्यांवर उपयोगाची नाही, हे त्याने दक्षिणेतल्या आधीच्या मोहिमांत ओळखले होते. पुढच्या महिन्यात असईच्या लढाईआधी केळना नदीवर त्याला उतार हवा होता. वाटाड्ये नाही म्हणत होते, पण दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली आणि तेवढ्यावरून त्याने ठरवले की इथे उतार असलाच पाहिजे. उतार खरोखरच निघाला. हा तर्क अभ्यासकांनी नाशिकला लावून पाहावा असा आहे. उजव्या काठावर नाशिक, डाव्या काठावर पंचवटी, आणि मध्ये रामकुंड. 'तीर्थ' या शब्दाचा मुळातला अर्थही उताराचा, नदीत उतरण्याच्या जागेचा आहे. तर, तारू, तरणे आणि तीर्थ हे एकाच धातूचे शब्द. नाशिक तीर्थक्षेत्र आहे म्हणून लोक इथे नदीत उतरतात, असे आपण म्हणतो. नदीत सुखरूप उतरता येत होते म्हणून इथे तीर्थ झाले, हा क्रम मला अधिक संभाव्य वाटतो, आणि पुराणकथेचा मान राखूनही तो मांडता येतो.

हे सारे कधी मावळले, याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही, पण टप्पे दिसतात. १८६८ साली मुंबई इलाख्यात उतारांवरच्या नावांसाठी कायदा झाला आणि नदी ओलांडून देणे हे सरकारी नियमांचे, शुल्काचे आणि मक्त्याचे काम झाले. उषवदाताच्या पुण्यतरापासून ही फार दूरची गोष्ट. त्याच दशकात लोहमार्ग थळ घाट चढून आला आणि नद्यांवर पूल आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला नाशिक आणि पंचवटीच्या मध्ये व्हिक्टोरिया पूल झाला, ज्याला आज अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. भोई आणि कोळी समाजाचे नदीवरचे काम यातून आकसत गेले. मग विसाव्या शतकाने नदीचा स्वभावच बदलला. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, दारणा धरण, आणि १९६५ साली पूर्ण झालेले गंगापूरचे मातीचे धरण. ज्या जिल्ह्यात पाणी येऊन निघून जात होते तिथे ते अडून राहू लागले. पाणी बदलले तशी साधनेही बदलली. गंगापूरच्या पाण्यावर पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आला. बारमाही पाणी मिळाल्यावर याच प्रदेशाने बारमाही नावा घेतल्या. पाण्याचे वावडे असते तर असे झाले नसते, आणि हा माझ्या म्हणण्याला मिळालेला सर्वांत अलीकडचा दुजोरा आहे.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे आले, तेव्हा अवर्षणाच्या गावातून नौकानयनपटू निघाल्याचे सगळ्यांना नवल वाटले. त्यांना परंपरेचे वारस ठरवणे हा मात्र त्यांच्या कष्टांवर अन्याय होईल. ते हा खेळ पुण्यात, सैन्यात शिकले. पण त्यांची नाव पाहण्यासारखी आहे. लांबी आठ मीटरांच्या आसपास, वजन चौदा किलो, मागे-पुढे सरकणारे आसन, पाय रोवायची फळी, बाहेर काढलेले धातूचे हात, त्यांच्या टोकाला वल्ह्याच्या खुंट्या, आणि तळाशी एक छोटासा पर. स्तब्ध, मोजलेल्या, दोन हजार मीटरांच्या पाण्यासाठी घडलेला हा प्रत्येक भाग आहे. श्रावणातल्या गोदावरीत ती नाव उतरवली तर पहिल्याच भोवऱ्यात उलटेल. तिथे अजूनही दुसरेच साधन लागते. २००८ आणि २०१९च्या पुरांत पाणी दुतोंड्या मारुतीच्या वर चढले, गोदाकाठच्या पेठा बुडाल्या. अशा पाण्यात उतरणाऱ्या जीवरक्षकाच्या अंगावर जे जाकीट असते त्याचे भाग उलगडले, तर छातीच्या डाव्या-उजव्या बाजूला हवेने भरलेला हलका फोम, दोन्हींना धरून ठेवणारा पट्टा आणि कमरेशी एक गाठ एवढेच हाती लागते.